आईच्या वारीसाठी आधार कार्डाचा पाऊच : माप कुठे चुकतं, चेन कुठे अडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई यंदा पहिल्यांदा वारीला निघाली आहे. तिचं आधार कार्ड आणि थोडे पैसे राहतील असा चेनचा छोटा कापडी पाऊच तुम्हाला घरच्या मशीनवर शिवायचा आहे. दोन करून पाहिले. पहिल्यात कार्ड आत जाईना. दुसऱ्याला जुन्या जीन्सची चेन काढून लावली, तर टोकाला कापडाचा गोळा झाला आणि वरून सुई मोडली. आता तिसऱ्यांदा कापड कापायचा धीर होत नाही.

कापा. तुमचा हात चुकलेला नाही, हिशोब चुकलाय, आणि तो जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. मी बावीस वर्षं बटवे, पर्स, पाऊच शिवतेय आणि शिकवतेय. शिकायला येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी कार्ड कापडावर ठेवते, भोवती अर्धा इंच सोडून खडू फिरवते आणि कापते. तुम्हीही तेच केलंत: साडेचार बाय साडेतीन. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला म्हणजे रुंदी उरली साडेतीन इंच. कार्ड आहे ३ इंच ३ सूत. (आठ सुतांचा इंच, हे नव्या मुलींना सांगावं लागतं म्हणून सांगते.) एका सुताच्या फरकावर कार्ड कसं जाईल? त्यातही ते पाऊचच्या रुंदीतून जात नाही, चेनच्या तोंडातून जातं. चेन पूर्ण उघडली तरी रनर (चेन उघडायची-मिटायची सरकती कडी) एका टोकाला बसून राहतो आणि तीन सूत जागा खातो. तुमच्या पाऊचचं खरं तोंड जेमतेम तीन इंच होतं.

तेव्हा उलटीकडून मोजू. आधारचं प्लास्टिक कार्ड, पॅन, प्लास्टिकचं मतदार ओळखपत्र, लायसन्स, एटीएम ही सगळी कार्डं एकाच आंतरराष्ट्रीय मापाची असतात: ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आपल्या भाषेत ३ इंच ३ सूत लांब आणि २ इंच १ सूत रुंद. त्यामुळे एका कार्डाचं माप बसलं की सगळ्यांचं बसतं. अपवाद एकच. कागदी आधार कापून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं असेल, तर त्याला ठरलेलं माप नसतं. आईकडे तसलं असेल तर आधी पट्टी लावून बघा.

कार्ड सहज आत-बाहेर व्हायला तोंड कार्डापेक्षा किमान अर्धा इंच मोठं हवं, म्हणजे ३ इंच ७ सूत. त्यात रनरचे तीन सूत मिळवले की चेनचे दिसणारे दात झाले सव्वाचार इंच. दोन्ही टोकांना तीन-तीन सूत कापडाची टोपी येणार (ती काय ते पुढे सांगते), म्हणून तयार रुंदी पाच इंच. दोन्हीकडे तीन-तीन सूत माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरली की कापायची रुंदी पावणेसहा. उंचीला सव्वाचार कापा: वर चेनकडे दोन सूत, खाली तीन सूत माया. चेनची थोडी पट्टी वर मिळते, म्हणून तयार उंची पावणेचारच्या जवळ येते. पाचशेची नोट लांबीला १५ सेंटिमीटर असते, एकदा दुमडली की आत आरामात बसते. ए-फोर कागद तीनदा दुमडला की साडेदहा बाय साडेसात सेंटिमीटर होतो, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठीही मावते.

कापायचे तुकडे असे. वरच्या कापडाचे दोन आणि अस्तराचे दोन, चारही पावणेसहा बाय सव्वाचार. आतल्या कप्प्यासाठी अस्तराचाच एक, पावणेसहा बाय चार. चेनच्या टोप्यांसाठी दोन पट्ट्या, सव्वा बाय दोन इंच. मागच्या पट्ट्यांसाठी दोन तुकडे, दीड बाय तीन इंच. इतकंच. ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यात दोन पाऊच निघतात.

कापडाबद्दल माझं मत ठाम आहे. अंगाला लागून राहणारी, घामात आणि पावसात भिजणारी वस्तू आहे, तेव्हा वरचं कापड सुती आणि घट्ट विणीचं घ्या. जुनी डेनिम, जाड मांजरपाट, नाहीतर चादरीचा चांगला राहिलेला भाग. आईला खणाचाच हवा असेल (आयांना खणाचाच हवा असतो), तर मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे एका बाजूला गोंद असलेलं कापड, इस्त्रीने चिकटवल्याशिवाय कातर लावू नका. खणाच्या कडेची सुतं कापल्याकापल्या सुटायला लागतात. एकदा लग्नातल्या वाणासाठी खणाचे साठ पाऊच करून दिले होते. घाईत फ्यूजिंग वगळलं. महिन्याभरात त्यातले दहा-बारा कडेच्या शिवणीतून उसवून परत आले. टीप जागच्या जागी होती, टिपेखालचं कापडच निसटून गेलं होतं. तेव्हापासून मायेला मी कधी कंजुषी करत नाही. सुती कापड कापण्याआधी एकदा पाण्यातून काढा आणि इस्त्री करा. आटायचं ते आधीच आटू दे. गडद रंग असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून पाहा. रंग फडक्यावर आला, तर तो आईच्या परकरावरही येणार.

अस्तराला मोडकी छत्री असेल तर तिचं कापड काढा. पातळ असतं, पाणी पटकन धरत नाही, सुतं कमी सुटतात. फक्त त्यावर गरम इस्त्री ठेवू नका, वितळतं. आणि छत्रीचं अस्तर लावलं म्हणजे पाऊच जलरोधक झाला असं समजू नका. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून आणि चेनच्या दातांतून पाणी येतंच. त्याचा इलाज पुढे आहे.

आता चेन. जीन्सची चेन विसरून जा. तिचे दात धातूचे, सुई त्यावर आपटली की मोडणारच, आणि ती घरी कापून लहान करणं त्रासाचं. दुकानात जाऊन तीन नंबरची नायलॉन चेन मीटरवर मागा, रनर वेगळे घ्या. तीन नंबर म्हणजे बंद केल्यावर दातांची रुंदी साधारण तीन मिलिमीटर. पाच नंबर त्याहून जाड, पिशव्यांची. इतक्या लहान पाऊचला पाच नंबर लावली तर तो पेन्सिल ठेवल्यासारखा ताठ उभा राहतो. नायलॉन चेनचे दात म्हणजे वेटोळं केलेला प्लास्टिकचा धागाच असतो. म्हणून ती कातरीने कुठेही कापता येते आणि सावकाश चाक फिरवलं तर मशीनची टीपही तिच्यावरून जाते. पावणेपाच इंच कापून घ्या, कडेला मेणबत्तीची आच क्षणभर दाखवा, सुतं मिटतात.

रनर घालताना रडू येतं, हे मला माहीत आहे. युक्ती अशी: चेनचं एक टोक दोन सूत उकला. रनरच्या ज्या बाजूला दोन तोंडं असतात त्या बाजूने एकेक पट्टी एकेका तोंडात सरकवा, दोन्ही एकाच पातळीवर आहेत ना ते बघा, मग दोन्ही पट्ट्या एका चिमटीत धरून रनर हळूच ओढा. एक पट्टी पुढे गेली तर चेन वाकडी मिटते आणि एका टोकाला फुगा राहतो. तसं झालं तर रनर काढून पुन्हा घाला, ओढून जमवू नका. रनर घातल्यावर तो चेनच्या मध्यावर आणून ठेवा, म्हणजे कुठल्याच टोकाने निसटणार नाही.

आणि आता तो गोळा. पाऊच बंद करताना कडेच्या शिवणीत वरच्या कापडाचे दोन थर, फ्यूजिंगचे दोन, अस्तराचे दोन असतात आणि त्यातच चेनची दुमडलेली पट्टी दातांसकट येते. एवढी भाकरी शिवणीत आल्यावर कोपरा सुलटा होईल कसा? तो आतच बसून राहतो, बाहेरून गाठ आल्यासारखा दिसतो. म्हणून चेनला शिवणीपर्यंत जाऊच द्यायचं नाही. ती आधीच थांबवायची आणि पुढची जागा साध्या कापडाने भरायची. हीच टोपी.

दोन इंची पट्टी घ्या. तिची दोन्ही टोकं दोन-दोन सूत आत दुमडून इस्त्री करा, मग मधोमध दुमडा. सव्वा इंच रुंद, पाऊण इंच लांब अशी दुहेरी चपटी वस्तू हातात येईल. तिच्या दुमडलेल्या दोन कडांच्या मध्ये चेनचं टोक दोन सूत आत सरकवा, पायपीन लावताना कड धरतो तशी धरा आणि कडेलगत आडवी टीप मारा. ही टीप दातांवरून जाते, तेव्हा पायडल नको, चाक हाताने फिरवा. दुसऱ्या टोकालाही तसंच. आता टोपीसकट चेनची लांबी मोजा, पावणेसहा इंच यायला हवी. टोपीची रुंदी चेनच्या पट्टीबाहेर आली असेल तर कापून सारखी करा. चेनचं टोक शिवणीच्या रेषेपासून एक सूत अलीकडे थांबलंय ना, हे खडूने खूण करून पाहा. तो एक सूत सोडलात की कोपरा मोकळा सुटतो.

चेन लावण्याआधी दोन कामं उरकून घ्या, नंतर हात पोचत नाही. पहिलं आतला कप्पा. पावणेसहा बाय चारचा तुकडा आडवा दुमडून पावणेसहा बाय दोन करा, घडीच्या कडेवर टीप मारा आणि एका अस्तराच्या सुलट्या बाजूवर, खालच्या कडेला कड जुळवून ठेवा. खाली आणि दोन्ही बाजूंना दोन सुतांवर टीप घालून धरून ठेवा. मग डाव्या कापलेल्या कडेपासून चार इंच एक सुतावर उभी टीप मारा, वरच्या तोंडाशी दोनदा उलट टीप. डावीकडे कार्डाचा कप्पा झाला, उजवीकडे जेमतेम सव्वा इंचाची फट राहिली. ती नाव-नंबरच्या छोट्या चिठ्ठीसाठी. कार्ड कप्प्यात ठेवलं की अर्धा इंच वर डोकावतं. हे मुद्दाम. पूर्ण आत जाणारं कार्ड म्हाताऱ्या बोटांना निघत नाही, मग त्या पाऊच उलटा करून झटकतात आणि नोटा रस्त्यावर पडतात. शिवाय कार्ड वेगळं राहिलं की नाण्यांनी त्यावरचा क्यूआर कोड घासला जात नाही. घासलेला कोड स्कॅन होत नाही आणि मग तपासणाऱ्यासमोर आई ओशाळते.

दुसरं काम मागच्या पट्ट्या. इथे थोडी थांबते, कारण बहुतेक जण गळ्यात अडकवायची दोरी लावतात आणि वारीसाठी मला ती पसंत नाही. गर्दीत दोरी कुणाच्या पिशवीला, कुणाच्या वीणेला अडकते, गळ्याला हिसका बसतो. झोपेत तर ती नकोच. आपल्या आज्या पैसे कनवटीला लावायच्या, काकांच्या बंडीला आतून चोरखिसा असायचा. दोघांनाही कळलेलं होतं की मोलाची वस्तू कमरेशी आणि कापडाच्या आत बरी. म्हणून मी पाऊचच्या पाठीला दोन उभ्या पट्ट्या लावते, त्यातून परकराची नाडी ओवायची. पाऊच परकराच्या आत किंवा साडीच्या निऱ्यांमागे बसतो, बाहेरून दिसत नाही. आई नऊवारीवाली असेल, परकर नसेल, तर त्याच पट्ट्यांतून सुती नाडी घालून कमरेला बांधा.

पट्टीचा तुकडा दीड इंच रुंद आहे. दोन्ही लांब कडा मध्याकडे, मग पुन्हा मधोमध, अशी चौपदरी घडी करून दोन्हीकडे टीप मारा, तीन सूत रुंदीची पट्टी होते. टोकं दोन-दोन सूत आत दुमडा. पाठीच्या तुकड्यावर वरून एक इंच आणि बाजूने सव्वा इंच सोडून पट्टी उभी ठेवा आणि फक्त वरच्या-खालच्या टोकाला चौकोनी टीप घाला, आत फुली मारा. मधला दीड इंच मोकळा, त्यातून नाडी जाते. फ्यूजिंग लावलेलं नसेल तर या चौकोनांमागे कापडाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर चालताना ओढ बसून कापड फाटेल.

मशीनची तयारी: सुती कापडाला १४ नंबरची सुई, डेनिमला १६. दोरा पॉलिस्टरचा, वर आणि बॉबिनमध्ये एकच. सुती दोरा सततच्या ओलाव्यात कुजतो. इंचात दहा-अकरा टाके पडतील असा काटा ठेवा. आणि बाजारात मिळणारा एका बाजूचा चेन फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) लावा. नेहमीच्या फूटने चेन शिवताना फूट दातांवर चढतो आणि टीप नागमोडी जाते, मग आपण स्वतःला नावं ठेवतो.

चेन बसवताना थरांचा क्रम तेवढा सांभाळा. खाली वरच्या कापडाचा तुकडा, सुलटी बाजू वर. त्यावर चेन, तोंड खाली, म्हणजे रनरची मूठ कापडाकडे. त्यावर अस्तर, सुलटी बाजू खाली. तिघांच्या वरच्या कडा एका रेषेत. मधे टाचण्या नको वाटल्या तर कच्चा धावदोरा घाला, मी अजूनही घालते. दोन सुतांवर टीप मारत जा. रनरजवळ आलात की सुई कापडात खाली ठेवूनच फूट उचला, रनर शिवलेल्या बाजूला मागे सरकवा, फूट टाका, पुढे चला. फक्त त्याला चेनच्या टोकाबाहेर जाऊ देऊ नका. रनरला वळसा घालून गेलेली टीप बाहेरून पोट आल्यासारखी दिसते, आणि ती उसवण्याशिवाय इलाज नसतो. चेनची पट्टी ओढू नका. ओढलीत तर सोडल्यावर कापडाला चुण्या पडतात.

आता वरचं कापड आणि अस्तर दोन्ही चेनपासून दूर पलटा, कडेवर इस्त्री फिरवा (छत्रीचं कापड असेल तर नखाने दाबा) आणि सुलट बाजूने चेनपासून एका सुतावर वरून टीप मारा. ही टीप शोभेची वाटते, पण तिच्यामुळे अस्तर चेनच्या दातात अडकत नाही. बाजारातल्या स्वस्त पाऊचची चेन दोन महिन्यांत अडकायला लागते, कारण तिथे ही टीप वाचवलेली असते. मग दुसरी बाजू, तसाच क्रम. चेनच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला पोट आलं ना, ते इथेच तपासा. आणि पाठीच्या पट्ट्या डोकं खाली पाय वर अशा झाल्या नाहीत ना, तेही.

पुढच्या टिपेआधी चेन अर्धी उघडा. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवते. तरी दरवर्षी कुणीतरी बंद चेनचा पाऊच शिवून आणते आणि मग सुलटा कुठून करायचा म्हणून माझ्याकडे बघत बसते. मीही माझ्या पहिल्या ऑर्डरमधले चार असे शिवले होते. अस्तराच्या फटीतून बोट घालून आतून रनर पकडायचा, दुसरा मार्ग नाही, आणि नखं तुटतात.

वरच्या कापडाची दोन्ही पानं सुलट्या बाजूंनी एकमेकांसमोर, अस्तराचीही तशीच. चेन मधे उभी राहील, तिचे दात अस्तराच्या बाजूला झुकवा. वरच्या कापडाच्या तिन्ही बाजूंना तीन सुतांवर टीप. टोपीवरून जाताना सावकाश, आणि तिथे एकदा उलट टीप. दात पायाखाली येता कामा नयेत. टोपीच्या बेतात ते येतही नाहीत, पण चेन एका बाजूला सरकली असेल तर येतील. अस्तर शिवताना टीप दोन दोरे आणखी आत घ्या. म्हणजे अस्तर किंचित लहान होतं, आत गोळा होत नाही. अस्तराच्या खालच्या कडेला मधे अडीच इंच मोकळे सोडा, त्या फटीच्या दोन्ही टोकांना उलट टीप. चारी कोपरे टिपेच्या एक सूत बाहेरून तिरके कापा, टोपीजवळची माया थोडी पातळ करा. फटीतून सगळं बाहेर काढा. कोपरे विणायच्या सुईच्या जाड बाजूने हळूच ढकला. कातरीच्या टोकाने ढकलू नका, मी तसं करून खणाला भोक पाडलेलं आहे. फट हाताने बारीक टाक्यांनी बंद करा, अस्तर आत कोंबा, एक शेवटची इस्त्री.

चेन कोरडी चालत असेल तर दातांवरून मेणबत्ती घासा आणि रनर चार-पाच वेळा मागेपुढे करा.

आता पाणी. आषाढात पाऊस येणारच. प्लास्टिकच्या कार्डाला त्याची भीती नाही. भिजतात नोटा आणि चिठ्ठी. त्यासाठी पाऊचमध्ये मावेल अशी लहानशी झिपवाली प्लास्टिकची पिशवी ठेवा, कापडाकडून ते काम मागू नका. चंद्रभागेत स्नानाला उतरताना पाऊच काठावर कपड्यांच्या गाठोड्यात ठेवायचा नाही. दिंडीतली एक जण काठावर थांबेल, तिच्या हातात द्यायचा. हे आईला घरीच सांगून ठेवा, तिथल्या गर्दीत सुचत नाही.

सव्वा इंचाच्या फटीतल्या चिठ्ठीवर आईचं नाव, गाव, दोन मोबाइल नंबर, दिंडीचा क्रमांक आणि ती रथाच्या पुढची की मागची, एवढं लिहा. चालू असलेली औषधं असतील तर तीही. पेनाने लिहू नका, शिसपेन्सिलीने लिहा. शाई पाण्याने पसरते, पेन्सिल पसरत नाही. त्या चिठ्ठीवर आधार क्रमांक अजिबात नको. पाऊचवर नाव भरतकामात काढायची हौस असेल तर ते अस्तरावर काढा. बाहेर नाव दिसलं की कुणीही अनोळखी माणूस आईला नावाने हाक मारू शकतो. मूळ कार्ड न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. आधारच्या संकेतस्थळावरून मास्क केलेली प्रत काढता येते, तिच्यावर क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी ती प्रत कापून कार्डाच्या मापाची करून दिली होती आणि मूळ कार्ड घरी ठेवलं होतं.

आणि रोजच्या चहाचे सुटे पैसे या पाऊचमध्ये ठेवायला देऊ नका. त्यासाठी साधा नाडीचा बटवा वेगळा. कमरेचा पाऊच दिवसातून दहा वेळा बाहेर निघाला, तर तो लपवण्यात काय अर्थ?

शेवटचं काम रनरचं. बाजारातल्या रनरची मूठ इवलीशी असते, ओल्या बोटांतून सटकते. तिच्या भोकातून दोन इंचांची सुती दोरी ओवून जाड गाठ मारा. मग पाऊच आईच्या कमरेला बांधा, तिला डोळे मिटायला सांगा, हात पाण्यात बुडवायला सांगा आणि कार्ड काढायला सांगा. दोनदा प्रयत्न करूनही जमलं नाही, तर गाठ आणखी मोठी करा, किंवा दोरीच्या टोकाला एखादा लाकडी मणी बांधा. तुळशीच्या माळेतला नको, आई रागावेल.